आधी ताट, मग बाटली

'थर्टी फर्स्टचा प्लॅन काय?' हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन पडला असेलच. आमच्या ग्रुपवर मेन्यू दोन मिनिटांत ठरला. हुरडा, वांग्याचं भरीत, भिगवणची मासळी आणि मटण. जागा चुलतभावाच्या शेतातली. वाद झाला तो पिण्यावरून. एकाने लिहिलं, 'मुलींसाठी वाइन आणा रे, ती काय ज्यूसच असते.' त्यावर तिघांनी हसणारे इमोजी टाकले. मी ग्रुप म्यूट केला.

नेमकं त्याच आठवड्यात या पानासाठी काम मिळालं. 'वर्षअखेरच्या जेवणाबरोबर कुठली वाइन जाते, यावर लिही.' इंटर्न माणसाला नाही म्हणायची सोय नसते. नेटवर शोधलं तर सगळीकडे टर्की, चीज, रोस्ट चिकन आणि प्लम पुडिंग. आता मला सांगा, बारामती-इंदापूर पट्ट्यात थर्टी फर्स्टला टर्की कोण खातं? आपल्याकडे मार्गशीर्षातले गुरुवार सरले की चुलीवर मटण चढतं. ज्वारी चिकात आली की हुरड्याची आगटी पेटते. या ताटाबद्दल कुणी काही लिहिलेलंच सापडेना. मग ठरवलं, आपणच करून बघू.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते. तुम्ही पीत नसाल, तर हा लेख वाचून सुरू करू नका. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, व्हिस्की-रमसारख्या दारूसाठी २५ ची. शिवाय आपल्या राज्यात दारूबंदी कायद्याखालचा परवाना हा प्रकार अजून आहे. आणि नैवेद्याच्या ताटाशेजारी बाटली नको, हे तर आपल्याकडे कुणी कुणाला सांगावंही लागत नाही. मी बोलतेय ते मित्रमंडळींच्या, घरच्या मोठ्यांना माहीत असलेल्या जेवणाबद्दल.

घरात न निघणारा शब्द

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात. मी लहान असताना पप्पांनी एक एकर वाइनची द्राक्षं लावली होती. तेव्हा तशी हवाच होती. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाइनरींना सवलती दिल्या. नाशिकपासून सांगलीपर्यंत वाइनरी उभ्या राहिल्या आणि शेतकऱ्यांशी करार होऊ लागले. पप्पांनीही केला.

मग २००८ ची जागतिक मंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, पर्यटक आटले, मोठी हॉटेलं ओस पडली आणि वाइनचा खप घसरला. राज्यात कितीतरी शेतकऱ्यांची द्राक्षं वेलीवर राहिली, पैसे थकले. आमचा माल घेणाऱ्यांनीही आधी 'पुढच्या आठवड्यात' सांगितलं आणि मग फोन उचलणंच बंद केलं.

'मग बाजारात का नाही विकली?' हा प्रश्न मी परवा पहिल्यांदा विचारला. पप्पा म्हणाले, 'ती खायची द्राक्षं नव्हती गं. खायच्या द्राक्षाला मणी फुगवायचा असतो. वाइनच्या द्राक्षाला फुगू द्यायचा नसतो.' थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस ही आपली नेहमीची खायची द्राक्षं. त्यांचा मणी मोठा, साल पातळ, बी नाही. वाइनची द्राक्षं बारीक असतात, त्यांची साल जाड, आत बिया आणि साखर भरपूर. वाइनचा रंग, तिचा तुरटपणा, बराचसा वास या सालीतूनच येतो. पण मार्केट यार्डात असा घड नेला तर व्यापारी हात लावत नाही. म्हणजे घेणारा एकच, आणि त्याने पाठ फिरवली की संपलं.

मी दुसरीत होते. एका सकाळी ट्रॅक्टरला साखळी लावून वेली उपटल्या गेल्या. मला वाटलं, नवीन काहीतरी बांधायचंय. त्यानंतर आमच्या घरात वाइनचा विषय निघाला नाही. या लेखाचं सांगितलं तेव्हा पप्पा एवढंच म्हणाले, 'लिही की.' आणि मोटर चालू करायला निघून गेले.

वाइन शॉपमध्ये वाइन कुठाय?

गंमत बघा. आपण वाइनला परदेशी म्हणतो, पण ती आपल्या आजूबाजूलाच पिकते. पाटसहून बारामतीकडे येताना दौंड तालुक्यात रोटीजवळ 'फोर सीझन्स'ची वाइनरी लागते. फ्रान्समधल्या एखाद्या वाड्यासारखी तिची इमारत एसटीच्या खिडकीतून तुम्हीही पाहिली असेल. बारामतीजवळच्या पिंपळीत बनणाऱ्या 'बोस्का'चं नाव जुन्या पिढीला आठवतं. आपल्याच जिल्ह्यात नारायणगावला इंडेजने भारतातली फसफसती वाइन बनवली आणि ती परदेशात विकून दाखवली.

पण बारामतीतल्या दुकानात गेले तर काय? पाटीवर 'वाइन शॉप', आत व्हिस्की, रम, बिअर. वाइन सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला चिकटून, धूळ खात. हा फक्त विनोदाचा मुद्दा नाही. वाइन उष्णतेने खराब होते. त्यामुळे उन्हात किंवा दिव्याखाली उभी असलेली बाटली घेऊ नका. आतली, सावलीतली मागा.

२७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचा निर्णय घेतला होता. शेतकऱ्यांना फायदा होईल, असं सरकारचं म्हणणं. किराण्याच्या दुकानात दारू नको, असं विरोधकांचं. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय कागदावरच राहिला. आमच्या घरात दोन्ही बाजू होत्या. आजी म्हणाली, 'दारू ती दारूच.' पप्पा काहीच बोलले नव्हते.

चार चवींचा हिशोब

गेल्या शनिवारी चुलतभावाच्या शेतात आम्ही ट्रायल घेतली. सगळे २१ च्या पुढचे, मुक्काम शेतातच, त्यामुळे गाडी चालवायचा प्रश्न नव्हता. जाण्याआधी मी चार नियम वहीत लिहून घेतले होते. ते पाठ झाले की नावं लक्षात ठेवायची गरज नाही.

तिखट : अल्कोहोलने तिखटाची आग वाढते आणि रेड वाइनचा तुरटपणा आणखी बोचतो. म्हणून तिखटाबरोबर थंड, हलकी, किंचित गोडसर वाइन घ्यायची.

तेलकट : तळलेल्या पदार्थाबरोबर आंबटसर किंवा फसफसती वाइन चालते. भज्यांवर आपण लिंबू पिळतो, तसंच हे.

आंबट : पदार्थात लिंबू, चिंच किंवा टोमॅटो असेल तर वाइनही तेवढीच आंबट हवी. नाहीतर ती पाणचट लागते.

गोड : वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. पेढा खाऊन चहा प्यायलाय कधी? चहा बिनसाखरेचा वाटतो. तसंच होतं.

आता ताटाकडे येऊ.

हुरडा

गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली कणसं, हातावर चोळून काढलेले गरम दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गूळ, दही. हुरडा गोडसर, दुधाळ आणि धुराचा. त्याला जड काही चालत नाही. आम्ही शेनिन ब्लाँ उघडली. ही व्हाइट वाइन. दुकानात 'चेनिन ब्लांक' म्हणालात तरी कळतं. आपल्याकडची शेनिन बऱ्याचदा किंचित गोडसर असते. लसणाच्या चटणीचा ठसका बसला की तिचा एक घोट, आणि जीभ पुन्हा तयार. पहिल्याच पदार्थाला जोडी जमली, मला हायसं वाटलं.

भरीत आणि बाजरीची भाकरी

चंपाषष्ठी झाली की आपल्याकडे वांग्याला पुन्हा मान मिळतो. भाजलेलं वांगं, कांद्याची पात, ठेचलेली हिरवी मिरची, वरून कच्चं तेल. इथे आम्ही रोझे घेतली. ही गुलाबी वाइन काळ्या द्राक्षाचीच असते, फक्त सालीबरोबर काही तासच ठेवतात, म्हणून रंग हलका आणि तुरटपणा कमी. धुराची चव, मिरची आणि कच्चं तेल या तिन्हींना ती पुरून उरली. सगळ्यात जास्त मतं हिलाच पडली. म्हणजे हे तुमच्यातल्या व्हेजवाल्यांसाठीही.

भिगवणची चिलापी

उजनीच्या पाण्यातली चिलापी, तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तळलेली, वर लिंबू. तेल आणि आंबट दोन्ही. नियमाप्रमाणे सॉव्हिन्याँ ब्लाँ, ही दुसरी व्हाइट वाइन. हिला कच्च्या कैरीसारखा, हिरव्या मिरचीच्या सालीसारखा वास येतो. अगदी थंड करून घ्या. प्रयोग म्हणून एका मित्राने माशाबरोबर रेड घेतली आणि तोंड वाकडं केलं. 'चमचा चाटल्यासारखं लागतंय,' म्हणाला. माशाबरोबर रेड वाइन अनेकदा अशी लोखंडी लागते. हे पुस्तकात वाचलं होतं, शेतात पटलं.

मटण : इथे सगळे चुकतात

'मटणाला रेडच,' असं दादाने जाहीर केलं होतं. तो अर्धा बरोबर होता. रेड वाइनमधला तुरटपणा, ज्याला टॅनिन म्हणतात, तो मांस आणि चरबीबरोबर मऊ होतो. म्हणून अळणी मटण, खिमा, कमी मसाल्यावर परतलेलं सुकं मटण यांच्याबरोबर शिराझ छान जाते. शिराझला स्वतःलाच काळ्या मिरीचा वास असतो.

पण दादाने शिराझ घेतली ती लालभडक तर्रीच्या रश्शाबरोबर. दुसऱ्या घोटाला त्याचे कान लाल झाले. वाइनला चव राहिली नाही आणि रस्सा नुसता जाळत सुटला. रस्सा झणझणीत असेल तर रेड बाजूला ठेवा, उरलेली थंड रोझे किंवा शेनिन काढा. आणि खरं सांगू? काही रश्शांना सोलकढी किंवा ताकच चांगलं. तिथे वाइनचा हट्ट कशाला.

शेवटचं गोड

केक असो, गुळपोळी असो की श्रीखंड, साध्या वाइनबरोबर गोड खाल्लं तर वाइन आंबट लागणार. त्यासाठी 'लेट हार्वेस्ट' लिहिलेली छोटी बाटली मिळते का बघा. यात घड वेलीवर जास्त दिवस ठेवतात, त्यामुळे साखर वाढते. गुळपोळी-तुपाबरोबर ती भारी लागली. नाही मिळाली तर सरळ निमगाव केतकीचं पान खा. तो शेवट आपल्याकडे आधीपासून ठरलेला आहे.

ज्यूस म्हणणाऱ्यांसाठी गणित

आता त्या इमोजीवाल्यांचा हिशोब. एका बाटलीत ७५० मिली वाइन असते, म्हणजे १५० मिलीचे पाच ग्लास. अल्कोहोल साधारण १३ टक्के धरा. अर्धी बाटली म्हणजे ३७५ मिली, त्यात शुद्ध अल्कोहोल जवळपास ४९ मिली. आता ६० मिलीचा व्हिस्कीचा लार्ज पेग घ्या. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे एका पेगमध्ये सुमारे २६ मिली. थोडक्यात, अर्धी बाटली वाइन म्हणजे जवळपास दोन लार्ज पेग. म्हणा आता ज्यूस. हे गणित मी ग्रुपवर टाकलं. या वेळी इमोजी आले नाहीत.

म्हणून जेवणाबरोबर, घोट घोट, मध्ये पाणी पीत. दोन ग्लासांवर थांबलेलं बरं. कुणी 'नको' म्हणालं तर दुसऱ्यांदा विचारू नका. आणि त्यानंतर गाडी नाही. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. डिसेंबरच्या रात्री इंदापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, कित्येकींना मागे रिफ्लेक्टर नसतो. दंडापेक्षा मला त्यांची भीती वाटते.

बाकी टिप्स साध्या आहेत. व्हाइट आणि रोझे फ्रिजमधून थेट काढा. रेडही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. 'रेड रूम टेंपरेचरला प्यावी' हे युरोपातल्या थंड खोल्यांसाठी आहे, पत्र्याच्या शेडसाठी नाही. स्टीलच्या पेल्यात वास कळत नाही, काचेचा कुठलाही ग्लास चालेल, निम्म्यापेक्षा कमी भरा. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, त्यामुळे संपवायची सक्ती नाही. आमच्याही उरल्या.

आणि जोड्या नाही जमल्या तर? काही बिघडत नाही. ताट तर आपलंच आहे, ते आधी जेवा.

साल

रात्री अकराच्या सुमारास पप्पा आले. आजीने पाठवलेल्या भाकऱ्या द्यायच्या होत्या, असं म्हणाले. भाकऱ्या आमच्याकडे भरपूर होत्या. आगटीजवळ बसले. मी त्यांना अळणी मटण वाढलं. थोड्या वेळाने त्यांनीच शिराझच्या बाटलीकडे बोट केलं.

'आपली हीच होती,' म्हणाले.

मी ग्लासात दोन घोट ओतले. मुलीने बापाला वाइन ओतून द्यायची, हे आमच्या गावात फारसं घडत नसावं. मला कुठे बघावं कळेना. त्यांनी आधी नुसता घोट घेतला आणि कपाळाला आठ्या पाडल्या. मग मटणाचा एक तुकडा खाल्ला आणि पुन्हा घोट घेतला.

'पहिल्यांदा तुरट लागली. मटणावर नाही लागत,' ते म्हणाले. माझ्या वहीतला नियम त्यांनी वही न बघता सांगितला. मग जरा थांबून म्हणाले, 'सालीचा आहे तो तुरटपणा. आपली पण साल अशीच जाड होती. चांगला माल होता आपला.'

सोळा वर्षांत त्या एका एकराबद्दल मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

जाताना त्यांनी बाटली उचलली आणि मोबाइलच्या बॅटरीत मागचं लेबल वाचलं. द्राक्षाची जात होती, राज्याचं नाव होतं, अल्कोहोलचं प्रमाण होतं. द्राक्ष कुणी पिकवलं ते नव्हतं. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्ष लागतं, ते कुठल्यातरी बागेतून आलेलंच असतं. पप्पांनी बाटली खाली ठेवली, 'लाइट आली असेल' म्हणाले आणि मोटर चालू करायला गेले.

तुमच्या थर्टी फर्स्टला वाइन असेलच, तर उघडण्याआधी ते मागचं लेबल एकदा वाचा. आणि गाडीची चावी त्याच्याही आधी न पिणाऱ्या कुणाकडे तरी देऊन ठेवा.